हातपाय चालते तवर

मध्य प्रदेशातल्या पांढुर्णा-सौंसरच्या गावांत नव्वदीच्या माणसाची चौकशी करताना त्याचा रक्तदाब किंवा साखर कोणी विचारत नाही. विचारतात ते एवढंच, "हातपाय चालते हायेत ना?" आपल्या हातानं जेवते, आपल्या पायानं वावरात जाऊन येते, असं उत्तर आलं की चौकशी संपते. प्रकृतीचा सगळा हिशेब त्यात आला, असं विचारणारा धरून चालतो. मरणाबद्दलची इच्छाही याच भाषेत सांगितली जाते. चालत्याबोलत्या जावं, कोणावर भार होऊ नये.

वैद्यकशास्त्रालाही शेवटी इथंच यावं लागलं. अमेरिकेतल्या क्लीव्हलंड शहरात सिडनी काट्झ आणि त्यांचे सहकारी मांडीचं हाड मोडलेल्या वृद्ध रुग्णांची नोंद ठेवत होते. कोणता रुग्ण घरी परतून आपलं आपण करू शकेल, हे रोगाच्या नावावरून कळत नव्हतं. म्हणून 1963 मध्ये त्यांनी सहा गोष्टींची मोजपट्टी मांडली: आंघोळ, कपडे घालणं, संडासला जाणं, बिछान्यातून उठणं, मलमूत्रावर ताबा आणि स्वतःच्या हातानं जेवणं. 1969 मध्ये लॉटन आणि ब्रॉडी यांनी तिला आणखी आठ कामांची जोड दिली. फोन, बाजारहाट, स्वयंपाक, घरकाम, धुणं, प्रवास, औषधं आणि पैशांचा व्यवहार. पुढे जगभर याच पट्ट्या वापरल्या गेल्या. भारतात 2017-18 मध्ये मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेच्या पुढाकारानं पंचेचाळिशीपुढच्या बहात्तर हजारांहून अधिक लोकांची पाहणी झाली. ती 'लासी' या नावानं ओळखली जाते. साठीपुढच्यांपैकी जवळपास चौथा हिस्सा लोकांना पहिल्या यादीतल्या किमान एका गोष्टीत अडचण होती, आणि दुसऱ्या यादीतल्या किमान एका कामात जवळपास निम्म्यांना. बायकांचं प्रमाण पुरुषांहून जास्त.

ही मोजपट्टी सौंसरकडच्या एखाद्या खेड्यात लावायची म्हटली की प्रत्येक ओळ वेगळी वाचावी लागते. क्लीव्हलंडमध्ये आंघोळ म्हणजे नळ सोडणं. इथे आंघोळ म्हणजे आधी हातपंपावरून किंवा टाकीवरून पाणी आणणं, चुलीवर तापवणं, गरम पाण्याचा गंज दोन्ही हातांनी उतरवून मोरीपर्यंत नेणं, दगडावर उकिडवं बसणं आणि ओल्या फरशीवरून उठणं. ज्या आजीला हे सगळं जमतं ती त्या पट्टीवर एकच गुण मिळवते, आणि सुनेनं पाणी काढून दिलेल्या सासऱ्यालाही तोच एक गुण मिळतो. लॉटन-ब्रॉडींच्या मूळ पद्धतीत पुरुषांना स्वयंपाक, घरकाम आणि धुणं यांचे गुण मोजलेच जात नसत. आपल्या गावांत तर नव्वदीच्या कित्येक पुरुषांनी आयुष्यात एक भाकर थापलेली नसते. बायको आहे तोवर असा माणूस 'अगदी स्वतंत्र' दिसतो आणि ती गेल्यावर महिन्याभरात उघडा पडतो. त्याचं शरीर महिन्यात बदललेलं नसतं. त्याच्या स्वावलंबनातला अर्धा वाटा तिच्या श्रमाचा होता, हे तेव्हा कळतं.

दुसरी अडचण वयाची. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा 1969 चा. आज जे नव्वदीत आहेत ते 1935 च्या आगेमागे जन्मले, आणि त्यांचं आधारकार्डावरचं वय बहुतेक वेळा अंदाजानं लिहिलेलं आहे. पुष्कळांची जन्मतारीख 1 जानेवारी असते, ती यामुळेच. भारतातल्या जनगणनांत शून्य आणि पाचावर संपणाऱ्या वयांची गर्दी दरवेळी दिसते, त्याचंही कारण हेच. या पट्ट्यात मात्र वय ताडून पाहायला एक चांगली खूण आहे. 31 ऑक्टोबर 1956 पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती. दुसऱ्या दिवशी राज्यांची फेररचना झाली, नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि छिंदवाडा जिल्ह्यातला हा मराठी मुलूख भोपाळकडे राहिला. नागपूर आपलं होतं तेव्हा तुमचं लग्न झालं होतं का, पोर झालं होतं का, गांधीबाबा गेले तेव्हा तुम्ही वावरात जात होता का, असे दोन-तीन प्रश्न विचारले की कागदावरच्या वयापेक्षा खरं वय हाती लागतं.

वयाच्या पुराव्याचा हा प्रश्न किरकोळ नाही. महर्षी धोंडो केशव कर्वे 104 वर्षं जगले. 1858 चा जन्म आणि 1962 चं निधन दोन्ही नोंदलेलं आहे, म्हणून त्यांच्या शतकाबद्दल कोणी शंका घेत नाही. हेच कर्वे पोरसवदा असताना परीक्षेसाठी कोकणातल्या मुरूडहून साताऱ्याला पायी गेले आणि वय कमी दिसतं म्हणून त्यांना बसू दिलं नाही. खेड्यातल्या शंभरीच्या बातम्यांना असा आधार नसतो. जपानचं ओकिनावा, इटलीतलं सार्डिनिया, ग्रीसचं इकारिया अशा 'दीर्घायुषी' प्रदेशांवर गेल्या वीस वर्षांत पुस्तकं आणि मालिका भरभरून आल्या. सॉल जस्टिन न्यूमन या संशोधकानं दाखवून दिलं की अतिवृद्धांचे दावे अनेकदा तिथेच दाट असतात जिथे नोंदी कच्च्या आणि गरिबी जास्त असते. 2024 मध्ये त्यांच्या या कामाला इग् नोबेल मिळालं. न्यूमन यांच्या म्हणण्यावर वाद आहेत, तरी मला त्यांचा मुद्दा आपल्यासाठी मोलाचा वाटतो. गावात शंभरीची म्हातारी सापडली म्हणून तिच्या ताटात शंभरीचं रहस्य शोधायला जाऊ नये.

याला आणखी एक कारण आहे. स्वातंत्र्याच्या सुमारास भारतात जन्मलेल्या मुलाचं सरासरी आयुर्मान जेमतेम बत्तीस वर्षांचं होतं. देवी, पटकी, हिवताप, बाळंतपण, दुष्काळ या सगळ्यांतून जी पोरं वाचली तीच आज नव्वदीत आहेत. आठ-नऊ बाळंतपणांतली तीन-चार लेकरं हाती लागली, हे या पिढीतल्या कोणत्याही घरात ऐकायला मिळतं. वाचलेल्यांनी जी भाकर खाल्ली तीच गेलेल्यांनीही खाल्ली होती. 'आमचा आजा नव्वदीपर्यंत बिडी ओढत होता, काही झालं नाही' हे बोलणं याच जातीचं. बिडी, तंबाखू-चुना आणि अलीकडे खर्रा यांनी ज्यांचा जबडा किंवा फुप्फुस खाल्लं ते नव्वदीची गोष्ट सांगायला उरलेच नाहीत. विदर्भात आणि लगतच्या या भागात तोंडाच्या कॅन्सरनं किती घरं मोडली हे कुणाला सांगायला नको. खर्रा तर आज नव्वदीत असलेल्यांच्या तरुणपणी नव्हताच. तो आत्ताच्या चाळिशी-पन्नाशीच्या तोंडात आहे, आणि ही माणसं नव्वदीला पोचतील का, ही काळजी खरी आहे.

मग सवयींचं काय? काहीच शिकण्यासारखं नाही का? पुष्कळ आहे, पण ते ताटापेक्षा दिवसाच्या रचनेत जास्त आहे.

ताटाचं आधी उरकतो. या पिढीचं खाणं म्हणजे ज्वारीची भाकर, तुरीचं वरण, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी, कण्या, आंबील. गहू सणाचा. आता रेशनवर गहू-तांदूळ येतो, वावरात ज्वारीची जागा कपाशी, सोयाबीन आणि संत्र्यानं घेतली, आणि भाकर विकत घ्यायची चीज झाली. 2023 हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरं झालं, तेव्हा शहरांत ज्वारीला मान आला. ज्वारी चांगलीच आहे. मात्र या 'साध्या' आहाराचं कौतुक करताना मला भीती वाटते ती म्हातारपणच्या उपासमारीची. वय वाढलं की दोन घास कमी खावे, रात्री नुसतं दूध-भाकर कुस्करून घ्यावी, एकादशी-सोमवार धरावेच, ही इथली रीत आहे. विधवा आजींच्या बाबतीत तर ती जास्तच कडक असते. शास्त्राचा सल्ला नेमका उलटा आहे. वार्धक्यात स्नायू झपाट्यानं झिजतात, म्हणून वृद्धांना वजनाच्या किलोमागे रोज एक ग्रॅम किंवा थोडी जास्त प्रथिनं लागतात. पंचेचाळीस किलोच्या आजीला त्यासाठी वाटीभर दाट वरण, दूध आणि जमल्यास अंडं हवं. दात नाहीत, कवळी नाही, म्हणून ती वरणातलं पाणी आणि भाताची पेज घेते. उठताना तिचा हात थरथरतो त्यात वयाइतकाच या पेजेचाही वाटा आहे.

आता शरीराच्या वळणाकडे येऊ. चुलीपुढे बसलेली पंचाऐंशीची बाई कशी उठते ते नीट पाहण्यासारखं असतं. ती पाट थोडा मागे सरकवते, एक पाय दुमडलेलाच ठेवून दुसऱ्याचा तळवा जमिनीला टेकवते, डावा हात गुडघ्यावर, उजवा शेजारच्या मेढीवर किंवा नुसता भुईवर. क्षणभर थांबते. मग कंबर आधी वर येते आणि पाठ नंतर. दिवसातून वीस-पंचवीस वेळा हे घडतं, परातीपासून मोरीपर्यंत, मोरीपासून देवघरापर्यंत. ब्राझीलमध्ये क्लॉडिओ गिल अराउजो यांनी एक्कावन्न ते ऐंशी वयाच्या 2,002 लोकांना जमिनीवर बसून उठायला लावलं. किती आधार लागतो त्याचे गुण दिले आणि पुढली काही वर्षं त्यांची खबर ठेवली. 2012 मध्ये आलेला त्यांचा निष्कर्ष सांगतो की सगळ्यात कमी गुण मिळवणाऱ्यांतलं मृत्यूचं प्रमाण चांगले गुण मिळवणाऱ्यांच्या पाच-सहा पट होतं. आपल्या आजीची ही परीक्षा रोजच होते.

पण याची दुसरी बाजू बीजिंगमधून आली. तिथल्या साठीपुढच्या बायकांचे गुडघे अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅमच्या बायकांपेक्षा जास्त झिजलेले निघाले, आणि तरुणपणी तासन्‌तास उकिडवं बसण्याशी त्या झिजेचा संबंध लागला. म्हणजे जमिनीवरची बैठक ज्यांचे गुडघे टिकले त्यांना ताकद देते आणि ज्यांचे गेले त्यांना अडवते. सौंसरकडच्या कपाशीच्या वावरात वाकून वेचणी केलेली, डोक्यावर गवताचा भारा वाहिलेली, आठ बाळंतपणं काढलेली बाई साठीतच गुडघ्याला हात लावून चालू लागते. तिच्यासाठी पाट-चूल-मोरी ही प्रत्येक जागा एक चढ असते. बायका जास्त जगतात, पण म्हणूनच जास्त अडून जगतात. पुण्याजवळच्या वढू भागात केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रानं पन्नाशीपुढच्या पाच हजारांहून अधिक लोकांची पाहणी केली होती. तिथेही स्वतःच्या तब्येतीबद्दल आणि कामाच्या क्षमतेबद्दल बायकांनी पुरुषांपेक्षा वाईटच सांगितलं.

या सगळ्यात मला सर्वात मोलाची वाटते ती गोष्ट म्हणजे म्हाताऱ्या हातांना पुरेल इतकं काम. जुन्या शेतीत ते सगळीकडे होतं. कोवळ्या पिकावरून पाखरं हाकायची, शेळ्या बांधावर न्यायच्या, तुरी सोलायच्या, सुपानं दाणे पाखडायचे, सरकी काढलेल्या कापसाच्या फुलवाती वळायच्या. सण-अंबाडीचे दोर वळणं हे तर खास म्हाताऱ्यांचंच काम होतं. पायाच्या अंगठ्यात पेड अडकवून सपरीत बसलेला बुढा दिवसभरात बैलाचा कासरा वळून देई, आणि पोळ्याआधीचे पंधरा दिवस त्याला मान वर करायला फुरसत नसे. या कामाला जोर लागत नाही, नजर आणि सराव लागतो. शिवाय ते काम खरं असतं. दोर तुटला तर बैल सुटतो, म्हणून कोणी त्याला 'वेळ घालवायला दिलेलं' म्हणू शकत नाही. दोराच्या निमित्तानं माणूस सकाळी उठतो, सपरीत येतो, चार लोकांशी बोलतो, त्याला भूक लागते, झोप लागते.

नायलॉनचा दोर आला आणि हे काम गेलं. ट्रॅक्टर आला, बैल गेले. बैलांबरोबर कडबा, कुट्टी, गोठ्याची झाडलोट, वेसण, घुंगरमाळ, सगळंच गेलं. पांढुर्ण्याच्या बाजूला संत्र्याच्या बागांनी थोडं काम परत दिलं, राखणीचं आणि गळ झालेली फळं वेचण्याचं. तरी बागेत फवारणी चालू असताना म्हाताऱ्याला तिकडे फिरकू देत नाहीत, आणि ते योग्यच आहे. ज्याला आपण नव्वदीच्या लोकांच्या 'चांगल्या सवयी' म्हणतो त्या त्यांनी मनावर घेऊन लावलेल्या नव्हत्या. शेतीच्या त्या रचनेनं त्या लावल्या होत्या. रचना गेली की सवय जाणार. हे लक्षात न घेता 'जुनी माणसं बघा, किती चालायची' असं तरुणांना सुनावणं मला अन्यायाचं वाटतं. ती चालायची कारण वावर दोन कोसांवर होतं आणि दुसरी सोय नव्हती.

उरलेलं काम प्रेमानं काढून घेतलं जातं, तेही बोललं पाहिजे. "राहू द्या आजी, मी करतो" हे वाक्य घरोघरी आहे. त्यात माया आहे, आणि शेजारचे काय म्हणतील याची धास्तीही. सुनेनं सासूला कामाला लावलं, ही कुजबूज कोणत्याही सुनेला नको असते. म्हणून सूप हातातून घेतलं जातं. मग लसूण सोलणं जातं, मग आपलं ताट आपण उचलणं जातं. वर्ष-दीड वर्षात ती बाई बाजेवरून उठायला हात मागू लागते आणि घरचे म्हणतात, वय झालं. वय झालेलं असतंच, पण सगळं वयावर ढकलता येत नाही. डेन्मार्कमध्ये 1905 साली जन्मलेल्यांचा त्यांच्या त्र्याण्णवीपासून शंभरीपर्यंत पाठपुरावा झाला. आपलं आपण करू शकणाऱ्यांचं प्रमाण सुरुवातीला 39 टक्के होतं आणि शंभरीला 33 टक्के. मधल्या काळात कमजोर माणसं मरण पावल्यामुळे हा आकडा टिकून दिसतो हे खरं. तरीही नव्वदी उलटली की सगळेच अंथरुणाला खिळतात, हा समज त्यातून मोडतो.

अंथरुणाला खिळण्याची सुरुवात बहुतेक घरांत एका पडण्यानं होते, आणि ते पडणं बहुतेक वेळा रात्री, संडासच्या वाटेवर होतं. 2014 नंतर स्वच्छ भारत अभियानात घरोघरी संडास आले. नव्वदीच्या बाईनं अंधारात टमरेल घेऊन नाल्याकाठी जाणं थांबलं, ही मोठी गोष्ट झाली. पण बांधलेला संडास बहुतेक ठिकाणी अंगणाच्या टोकाला आहे. दोन पायऱ्या चढून जायचं, उंबरा ओलांडायचा, आत जेमतेम तीन फुटांची जागा, बैठं भांडं, धरायला काही नाही, आणि दिवा असलाच तर त्याचं बटण दाराबाहेर. गावकऱ्यांनी आपापले उपाय काढले आहेत. प्लॅस्टिकच्या खुर्चीला मधोमध भोक पाडून ती भांड्यावर ठेवायची, किंवा छपराच्या दांडीला दोर बांधून तो धरून उठायचं. हे उपाय मी मोलाचे मानतो, पण ते घर शहाणं असेल तिथेच आहेत. केंद्राच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत 2017 पासून गरीब वृद्धांना काठी, कुबड्या, वॉकर, चष्मा, कवळी, कानयंत्र फुकट मिळतं, मात्र त्यासाठी शिबिराच्या ठिकाणी पोचावं लागतं. भिंतीतला दांडा कोणत्याच शिबिरात मिळत नाही, आणि सगळ्यात जास्त गरज त्याचीच आहे.

डोळ्यांबद्दल थोडक्यात. मोतीबिंदू काढणं हा वृद्धाला हातपाय परत देण्याचा सर्वात स्वस्त उपाय आहे. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम 1976 पासून चालू आहे, नागपूर दीड-दोन तासांवर आहे. तरी "आता कशाले? किती दिवस राहिले?" म्हणून पुष्कळ जण दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन टाळतात. दिसत नाही म्हणून चालणं बंद होतं, चालणं बंद म्हणून पाय जातात. घरच्यांनी इथे अडून बसलं पाहिजे.

औषधांची गोष्ट जरा वेगळी आहे. न वाचता येणारी आजी गोळी रंगानं ओळखते. गुलाबी सकाळची, पांढरी रात्रीची. पुढच्या महिन्यात दुकानदार तेच औषध दुसऱ्या कंपनीचं देतो, रंग उलटतात, आणि रक्तदाबाची गोळी दोनदा पोटात जाते किंवा मुळीच जात नाही. मोजपट्टीवर याची नोंद 'औषधं स्वतः घेता येत नाहीत' अशी होईल. खरं तर ती अगदी नीट घेत होती. चिठ्ठी हिंदीत, गोळीवरचं नाव इंग्रजीत आणि आजीला बोलण्यापुरती मराठी, अशी ही तीन भाषांची फेरी आहे.

पैशांचं असंच. मध्य प्रदेशात सामाजिक सुरक्षा पेन्शन महिना 600 रुपये आहे. इंदिरा गांधी राष्ट्रीय वृद्धापकाळ योजनेत केंद्राचा वाटा ऐंशीपर्यंत 200 आणि ऐंशीपुढे 500. ही रक्कम घ्यायला यंत्रावर अंगठा लावावा लागतो, आणि सत्तर वर्षं विळा-खुरपं चालवलेल्या अंगठ्यावर रेषा उरत नाहीत. यंत्र नाही म्हणतं. अंगठा पदराला पुसायचा, ओला करायचा, दुसरं बोट, तिसरं बोट. शेवटी 'उद्या या'. घरून आजीला घेऊन आलेल्या नातवाची रोजी बुडते ती वेगळीच, आणि पुढच्या वेळी नातूच तिचं कार्ड मागून घेतो. आजीचा व्यवहार असा तिच्या हातून जातो.

याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवून पाहावा. ज्याच्या नावावर जमीन आहे त्या शेतकऱ्याला केंद्राकडून वर्षाला 6,000 आणि मध्य प्रदेश सरकारकडून आणखी 6,000 मिळतात. म्हणजे महिन्याला हजार रुपये, पेन्शनहून जास्त. जमिनीच्या ऋणपुस्तिकेवर नाव असलेला बुढा घरात अजून 'मालक' असतो, त्याला विचारल्याशिवाय बागेचा सौदा होत नाही. बाईचं नाव जमिनीवर क्वचितच असतं. नवरा गेल्यावर जमीन मुलांच्या नावे चढते आणि तिच्या वाट्याला 600 रुपये राहतात. औषध, चहाची पत्ती, लेकीकडे जायचं भाडं हे ज्याच्या-त्याच्यापुढे हात पसरून मागावं लागणं, हेही परावलंबनच आहे. काट्झच्या सहा ओळींत ते येत नाही.

भाड्याचा विषय निघालाच आहे. सीमेपलीकडे नागपूर जिल्ह्यात पंचाहत्तरीपुढच्या माणसाला ऑगस्ट 2022 पासून एसटीनं फुकट जाता येतं आणि मार्च 2023 पासून बायकांना अर्ध्या तिकिटात, पण महाराष्ट्राच्या हद्दीत. सीमेच्या अलीकडे मध्य प्रदेशानं आपलं परिवहन महामंडळ 2005 मध्येच गुंडाळायला घेतलं. खाजगी बस भरली की निघते, उंच पायरीची असते, आणि म्हाताऱ्या माणसाला चढायला वेळ लागतो म्हणून थांबत नाही. ऐंशीची बाई सौंसरच्या बाजाराला किंवा जामसावळीच्या हनुमानाला एकटी जाऊ शकते की नाही, हे तिच्या गुडघ्यांइतकंच त्या बसवर ठरतं. राज्याच्या तीर्थदर्शन योजनेनं 2012 पासून वृद्धांना रेल्वेनं रामेश्वर-द्वारका दाखवलं, आणि आयुष्यात समुद्र न पाहिलेल्या बाया तो पाहून आल्या याचा मला आनंद आहे. रोजच्या पाच कोसांची सोय मात्र अजून व्हायची आहे.

पोरं नागपुरात, पुण्यात, बोरगावच्या कारखान्यांत. गावात म्हातारा-म्हातारी, नाहीतर एकटी म्हातारी. दिवाळीनंतर मुलगा आईला चार महिने नागपूरला नेतो. तिसऱ्या मजल्यावरची खोली, खाली उतरायचं तर सोबत हवी, गॅसला हात लावू देत नाहीत, शेजारी ओळखीचं कोणी नाही. मार्चमध्ये ती परत येते तेव्हा तिची काठी बदललेली असते, साध्या काठीऐवजी चार पायांची. मुलानं काही कमी केलेलं नसतं. तिच्या चालण्याच्या वाटा, हाक मारायची दारं, बसायचा ओटा हे सगळं गावात राहिलेलं असतं. म्हणून माझं मत असं की जमेल तोवर माणसाला त्याच्या घरात ठेवून मदत तिथे न्यावी. त्यासाठी लागणारा पैसा आणि माणूस कोण देणार, हा प्रश्न कुटुंबावर सोडून चालणार नाही. पालकांच्या निर्वाहाचा 2007 चा कायदा मुलांना जबाबदार धरतो. ज्या मुलाचीच महिन्याची कमाई बारा हजारांची आहे तो काय देणार?

5 ऑक्टोबर 2023 ला पांढुर्णा आणि सौंसर या दोन तहसिलींचा मिळून वेगळा जिल्हा झाला. छिंदवाड्याची फेरी वाचली, हे वृद्धांसाठी लहान काम नाही. नवा जिल्हा लहान आहे, बहुतांशी एकाच भाषेचा आणि एकसारख्या शेतीचा आहे. ऐंशीपुढच्यांची गाववार यादी इथे आशा कार्यकर्त्यांकडून होऊ शकते. त्यात चारच रकाने पुरतील: संडासात धरायला काही आहे का, दोन्ही डोळ्यांनी दिसतं का, अंगठा उमटतो का, आणि दुपारी घरात दुसरं कोणी असतं का. प्रधानमंत्री आवास योजनेतल्या घराला सपाट भागात 1 लाख 20 हजार आणि संडासाला 12 हजार मिळतात. त्या नकाशातच दांडा आणि उंबऱ्याऐवजी उतार घातला तर गवंड्याला अर्धा दिवस जास्त लागेल. ऑक्टोबर 2024 पासून सत्तरीपुढच्या प्रत्येकाला, उत्पन्न न पाहता, आयुष्मान कार्डावर पाच लाखांपर्यंतचा इलाज आहे. तो रुग्णालयातल्या खाटेचा आहे. गुडघा, दात, डोळा, कान यांच्यासाठी लागते ती उपकेंद्रातली नेमकी तारीख आणि तिथवर नेणारं वाहन.

यादी करायला निघालेल्या आशाताईनं नव्वदीच्या आजीबरोबर तिच्या सुनेचीही नोंद घ्यावी. ती साठीची आहे. तिच्या सासूला उठवणारे हात तिचेच, आणि तिचे गुडघे आत्ताच दुखतात. राज्याच्या लाडली बहना योजनेचे पैसे साठीला थांबले, पेन्शन हवी तर दारिद्र्यरेषेचं कार्ड हवं, जमीन नवऱ्याच्या नावे, मुलं नागपुरात. सासूचं तिच्या वयात जेवढं चालून झालं होतं त्याच्या अर्धंही हिचं झालेलं नाही, कारण वावरात ती मोटरसायकलच्या मागे बसून जाते. तिला प्रथिनांचं, मांडीच्या व्यायामाचं आणि जमिनीवरच्या नावाचं आत्ताच सांगता येईल, कारण अजून तिच्या हातात वीस-पंचवीस वर्षं आहेत.